निरोपाचे कारण

एखाद्या मनुष्यास त्याच्या जागेवरून दूर करण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न कायद्याने बराचसा सोडवून ठेवला आहे. परंतु तो अधिकार वापरल्यानंतर कोणाकोणाला उत्तर देणे लागते, हा प्रश्न कायद्याच्या ग्रंथांत क्वचितच भेटतो. तो भेटतो चहाच्या दुकानात, आगगाडीच्या डब्यात, देवळाच्या ओट्यावर. आणि अलीकडे सर्वांत अधिक आवेशाने भेटतो तो खेळाच्या मैदानाभोवती. मैदानावरचा म्हणून त्यास क्षुल्लक समजण्याची आम्हा शहाण्या लोकांची रीत आहे. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. ज्या एका प्रश्नाने माझी ही समजूत ढासळली, त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

मी ग्वाल्हेरचा, लष्करात वाढलेला. आमच्या गावाचे वेड फुटबॉलचे नव्हे. हॉकीचा विषय निघाला की आमची माणसे रूपसिंगांचे नाव काढतात. ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू शिंदे सरकारच्या चाकरीत येथे राहिले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध भारताने जे चोवीस गोल केले, त्यांतील दहा एकट्या रूपसिंगांचे. त्यांचेच नाव दिलेल्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने एकदिवसीय क्रिकेटमधील पुरुषांचे पहिले द्विशतक पुरे केले. तेव्हा खेळासाठी घसा कोरडा करणे म्हणजे काय, हे आम्हास शिकवावे लागत नाही. मात्र फुटबॉलचे शिक्षण मला मिळाले ते सासुरवाडीकडून. माझी सासुरवाडी मडगावची, आणि माझा मेहुणा फातोर्ड्याच्या नेहरू मैदानाचा वारकरी. पूर्वेकडील खालच्या कठड्यावरून नाव घेतलेली ‘ईस्ट लोअर आर्मी’ नावाची जी एफ. सी. गोवा संघाच्या चाहत्यांची मंडळी आहे, तिच्या गोंगाटात आपला आवाज मिसळल्याशिवाय त्याचा हिवाळा सरत नाही.

३१ जानेवारी २०२० च्या रात्री त्याचा दूरध्वनी आला. एरवी तो माझ्याशी मराठीत बोलतो. त्या रात्री भावनेच्या भरात कोकणीत बोलला. “भावोजी, ताका काडलो. कारण तरी सांगपाक जाय आशिल्लें न्ही?”

काढले होते ते सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला. २०१७ साली तो गोव्यात आला. आखूड, नेमके पास देत चेंडू आपल्याच पायांत राखायचा आणि गोल वाचविण्यापेक्षा गोल करण्यावर भिस्त ठेवायची, ही त्याची पद्धत गोवेकरांना फार भावली. कारण फुटबॉल सुंदर असावा, हा तेथील जुना आग्रह आहे. २०१९ च्या मार्चमध्ये इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बंगळूरूकडून जादा वेळेत एका गोलाने हार पत्करावी लागली. पण त्यानंतरच्याच महिन्यात संघाने सुपर कप जिंकला. आणि ज्या दिवशी त्याला निरोप दिला गेला, त्या दिवशी संघ गुणतक्त्यात सर्वांच्या वर होता. साखळीतील केवळ तीन सामने उरले होते. हरणाऱ्या प्रशिक्षकास घालवणे ही या धंद्याची नित्याची रीत आहे. जिंकत असलेल्या मनुष्यास असे अर्ध्या वाटेवर उतरवणे विरळा. व्यवस्थापनाशी त्याचे मतभेद झाल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत आल्या. पण मतभेद कशावरून आणि दोष कोणाचा, हे तोलून पाहण्याचा काटा कठड्यावर बसणाऱ्याच्या हाती कोणी दिला नाही.

मी वकिली बाण्याने उत्तर दिले. म्हटले, संघ मालकांचा, करार मालक व प्रशिक्षक यांचा. कराराप्रमाणे जे द्यावयाचे ते दिले की व्यवहार संपला. तू तिकिटाचे पैसे दिलेस, सामना पाहिलास. तुझे येणे काही उरलेले नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो हलकेच म्हणाला, “मागीर आमी कोण?”

म्हणजे, मग आम्ही कोण? या तीन शब्दांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. वकिलाला उत्तर नसणे ही गोष्ट लहान नव्हे. ती त्याला झोपू देत नाही.

प्रथम कायद्याची बाजू नीट मांडू या. कारण तिच्यात तथ्य आहे. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय बळाने पाळावयास लावीत नाही, हे तत्त्व आपल्याकडे पक्के रुजलेले आहे. ज्याच्यावर विश्वास उरला नाही अशा मनुष्यास आपल्या घरात वा संस्थेत ठेवण्याची सक्ती करणे म्हणजे दोघांनाही बेडीत घालणे होय. म्हणून करार मोडला तर १८७२ च्या करार कायद्यान्वये नुकसानभरपाई मागावी. पण ‘मला पुन्हा त्याच खुर्चीवर बसवा’ अशी मागणी सहसा मान्य होत नाही. १९७६ साली वैश्य पदवी महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व सांगून त्यास तीन अपवाद नोंदले: संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण असलेला शासकीय सेवक, औद्योगिक कायद्याखालचा कामगार, आणि स्वतःच्या अधिनियमाचा भंग करणाऱ्या वैधानिक संस्थेचा नोकर. फुटबॉलचा प्रशिक्षक यांपैकी कोणातच बसत नाही. आणि त्याचे चाहते तर कराराच्या कागदावर साक्षीदार म्हणूनसुद्धा नाहीत.

येथपर्यंत कायदा निर्दोष आहे. परंतु कायद्यात चाहत्याला जागा नाही, एवढ्यावरून नीतीतही त्याला जागा नाही असे ठरत नाही. मी मेहुण्याला गिऱ्हाईक समजलो, तेथेच माझी चूक झाली. सराफ्यातल्या एखाद्या मिठाईवाल्याने आपला आचारी बदलला, तर गिऱ्हाईक फार तर एकदा चव घेऊन पाहते आणि बिघडली असेल तर शेजारच्या दुकानाची पायरी चढते. चाहता असे करीत नाही. संघ हरो, बुडो, विकला जावो, तो दुसऱ्या संघाच्या दुकानात जात नाही. गेला तर त्याचे सोबतीच त्याला चाहता म्हणणार नाहीत. जरा हिशेब मांडून पाहावा. खेळाडूचा करार संपतो, तो जातो. प्रशिक्षक येतो नि जातो. मालकही आपला हिस्सा विकून मोकळा होऊ शकतो. या साऱ्या मांडणीत ज्याच्यापाशी कराराचा कागद नाही असा मनुष्य एकच, आणि अखेरपर्यंत थांबणाराही तोच. ज्याला राजीनामा देता येत नाही, अशा मनुष्याच्या निष्ठेवर बाकी सर्वांचा व्यापार उभा आहे. अशा निष्ठेचे काहीच देणे लागत नाही, असे म्हणणे मला तरी जड जाते.

पण देणे लागते ते काय? येथे चाहतेही घसरतात. ‘आमचे प्रेम आहे, म्हणून आमचे ऐका’, हे त्यांचे म्हणणे टिकणारे नाही. प्रेमाने अधिकार उत्पन्न होतो असे मानले, तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती संघ द्यावा लागेल. शिवाय या प्रेमाची स्मरणशक्ती बेताचीच असते. १७ जून २०२४ रोजी भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय संघाचा क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमाच यास काढले. त्याआधी सहाच दिवस दोह्यात कतारकडून हार होऊन विश्वचषकाच्या पात्रतेची वाट बंद झाली होती. त्याचा करार २०२६ पर्यंतचा होता. पुढे चार लक्ष डॉलर देऊन तंटा मिटवावा लागला. त्या वेळी त्याला घालवा म्हणून ओरडणाऱ्या किती जणांनी विचारले की त्याचे म्हणणे ऐकून घेतले का, आणि उरलेल्या कराराचा भुर्दंड कोणाच्या खिशातून जाणार? आवडत्या मनुष्यासाठी न्याय मागायचा आणि नावडत्याच्या वेळी नुसता निकाल मागायचा, ही सवय मालकांइतकीच चाहत्यांनाही आहे.

गोव्यानेही याचा अनुभव लवकरच घेतला. लोबेराच्या जागी आलेला हुआन फेर्रांदो हा दुसरा स्पॅनिश प्रशिक्षक २०२१ च्या डिसेंबरात, ऐन मोसमात, करारातील सुटकेच्या कलमाचा आधार घेऊन गोवा सोडून कोलकत्याच्या मोहन बागान संघाकडे गेला. या खेपेस निरोप देणारा प्रशिक्षक होता आणि निरोप घेणारा संघ. जो मेहुणा लोबेरासाठी हळहळला होता, तोच आता फेर्रांदोला कृतघ्न म्हणत होता. मी त्याला विचारले, “कलम तर त्याच्या बाजूने होते ना?” तो ताडकन म्हणाला, “कलम होतं हो भावोजी, पण आम्हाला काही सांगितलं का त्यानं?” मला हसू आले, पण मग ध्यानात आले की दोन्ही वेळी त्याची तक्रार एकच होती. कलम कोणाच्या बाजूला आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याला कोणीतरी कारण सांगावयास हवे होते. मालकाकडून तेच, प्रशिक्षकाकडूनही तेच. एवढ्यापुरता तो पूर्ण सुसंगत होता, आणि मीच त्याला विसंगत ठरवू पाहत होतो.

आता दुसऱ्या एका भ्रमाकडे वळतो. तो चाहत्यांचा, मालकांचा आणि बहुधा आपणा सर्वांचाच आहे. भ्रम असा की पुढचा निकाल मागचा न्याय ठरवतो.

लोबेरा गेला, गोव्याचाच जुना खेळाडू क्लिफर्ड मिरांडा याने तात्पुरती धुरा घेतली. उरलेले तिन्ही सामने गोव्याने जिंकले. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला पाच गोलांनी हरवून साखळीतील अग्रस्थानाची ढाल मिळवली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. निरोप देऊन तीन आठवडेही झाले नव्हते. मालकपक्षाचे लोक म्हणू शकत होते, पाहा, आमचे बरोबर होते! मग उपांत्य फेरीत चेन्नईयिनने दोन सामन्यांत मिळून सहास पाच गोलांनी गोव्याला बाहेर काढले. आता चाहते म्हणू शकत होते, पाहा, आमचे बरोबर होते!

पुढचे वर्ष महामारीचे. लोबेरा मुंबई सिटी संघाकडे गेला होता. मंदार राव देसाई, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमू ही त्याच्या गोव्याच्या दिवसांतली माणसेही तेथे त्याच्यासोबत होती. सारी स्पर्धा त्या वर्षी प्रेक्षकांविना गोव्यातच खेळवली गेली. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टीवर हरवले. आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या त्याच मैदानावर मोहन बागानला दोन विरुद्ध एक गोलने नमवून लोबेराने करंडक उचलला. साखळीची ढालही त्या मोसमात मुंबईकडेच गेली होती. माझा मेहुणा मैदानापासून हाकेच्या अंतरावर, आपल्या घरात, दूरचित्रवाणीपुढे बसला होता. ज्या कठड्यावरून त्याने या मनुष्याचा जयजयकार केला होता, तो कठडा रिकामा होता, आणि तो मनुष्य दुसऱ्याच्या रंगात तेथे विजयी झाला होता. दोनच वर्षांनी, १८ मार्च २०२३ रोजी, फातोर्ड्यालाच फेर्रांदोनेही मोहन बागानसाठी तोच करंडक जिंकला. आणि २०२४ च्या जानेवारीत लागोपाठच्या पराभवांनंतर मोहन बागानने त्यालाही निरोप दिला.

या सगळ्या निकालांची साक्ष काढून ३१ जानेवारीचा तो निर्णय न्याय्य होता की अन्याय्य, हे कोणी सांगू शकेल काय? मला वाटते, नाही. एका निकालाने मालक शहाणे ठरतात, दुसऱ्याने चाहते. असेच इंग्लंडात घडले. लेस्टर सिटीला २०१६ साली कोणाच्या स्वप्नातही नसलेले अजिंक्यपद मिळवून देणारा क्लाउडिओ रानिएरी अवघ्या नऊ महिन्यांत, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, पदावरून काढला गेला. संघ तळाशी घसरत होता, हे खरे. त्याच्या पाठोपाठच्याच सामन्यात लेस्टरने लिव्हरपूलला हरवले; पुढे संघ बुडण्यापासून वाचला. म्हणून ते कृतज्ञ वर्तन ठरले काय? एखाद्या न्यायाधीशाने आरोपीचे म्हणणे न ऐकता शिक्षा ठोठावली आणि मागाहून तो खरोखरच अपराधी निघाला, तरी तो निवाडा चांगला होता असे आपण म्हणत नाही. फार तर म्हणू की निशाण योगायोगाने लागले. निर्णयाची परीक्षा तो घेताना काय ठाऊक होते आणि तो कशा रीतीने घेतला, यांवर व्हावयास हवी. यश ही साक्ष मोठ्या आवाजाची असते, पण ती दुसऱ्याच खटल्यातली असते.

आमच्या ग्वाल्हेरच्या इतिहासात या विषयावर मनन करण्याजोगे एक प्रकरण आहे, आणि त्याचा नायक कोकणचाच. रत्नागिरीकडील देवरुखचे दिनकरराव राजवाडे १८५२ साली जयाजीराव शिंद्यांचे दिवाण झाले. राज्याची विस्कटलेली घडी त्यांनी बसवली, आणि १८५७-५८ च्या धामधुमीत महाराज इंग्रजांच्या पक्षाला राहिले त्यात दिवाणांच्या सल्ल्याचा वाटा मोठा होता. त्या पक्षाची निवड योग्य की अयोग्य, हा वाद स्वतंत्र आहे. येथे एवढेच पाहावयाचे की गादी राखण्यास ज्याची बुद्धी कामी आली, तो दिवाण १८५९ मध्ये महाराजांशी मतभेद होऊन पदावरून गेला. जिंकून देणाऱ्यास निरोप मिळण्याची रीत फुटबॉलवाल्यांनी काढलेली नाही, हे यावरून दिसेल.

पुढे १८७५ साली काळाने एक विलक्षण योग आणला. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज रेसिडेंटास विष घालण्याचा आरोप आला, आणि चौकशीस जे सहा जणांचे मंडळ नेमले त्यात जयाजीराव महाराज आणि त्यांचे माजी दिवाण दिनकरराव एकाच आसनपंक्तीवर बसले. तिघा इंग्रजांनी आरोप शाबीत मानला. तिघा हिंदी सदस्यांनी मानला नाही. तेव्हा सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराचे कारण पुढे केले आणि गायकवाडांना पदच्युत केले. मल्हाररावांचा कारभार चांगला होता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या कारणासाठी चौकशी मांडली ते एक, आणि ज्या कारणासाठी काढले ते दुसरे, हे लोकांच्या नजरेतून सुटले नाही. आणि म्हणूनच जनमानसात ती पदच्युती न्याय म्हणून कधी रुजली नाही. मागाहून शोधलेले कारण हे कारण नसते, निमित्त असते.

हे सारे मी असे लिहीत आहे, जणू मी स्वतः कठड्यावर बसलेला प्रेक्षक आहे. तसे नाही. मेहुण्याचा प्रश्न मला झोंबला, कारण एकदा मीही तो करंडा उघडून बंद केला होता.

माझ्या वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत आमच्या शहरातील एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर मी होतो. संस्थेच्या शाळेत हॉकी शिकवायला एक वयस्क गृहस्थ होते. तुटपुंज्या मानधनावर यायचे, पहाटे मुलांना मैदानावर पळवायचे; लहानपणी रूपसिंगांना पाहिल्याचे अभिमानाने सांगायचे. त्यांना काढावयाचे ठरले. बैठकीत कोणी कारण विचारले नाही, कारण ते सर्वांना ठाऊक होते. एका वजनदार सदस्याचा नातू संघात होता, आणि मास्टरसाहेबांनी त्याला दोन सामन्यांत बाहेर बसवले होते. पत्राचा मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिले: ‘संस्थेस आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. आजवरच्या सेवेबद्दल संस्था आपली आभारी आहे.’ दोन वाक्ये. ज्यांवर कोणत्याही न्यायालयात बोट ठेवता येऊ नये अशी. त्या नेमकेपणाचा मला त्या वेळी अभिमान वाटला, हे कबूल करतो.

आठवड्याने मास्टरसाहेब ते पत्र घेऊन जयेंद्रगंजातील माझ्या कचेरीत आले. मला वाटले, भांडतील. ते म्हणाले, “वकीलसाहेब, पत्र अगदी बरोबर आहे. माझं काही म्हणणं नाही. फक्त मुलांना काय सांगू, तेवढं सांगा.”

मी म्हणालो, “कारण द्यायलाच हवं असं कायद्यात नाही, मास्टरसाहेब.”

ते थोडे थांबले, नमस्कार करून गेले. पुढच्या वर्षी नव्या शिक्षकाच्या हाताखाली शाळेच्या संघाने एक चषक जिंकला. बैठकीत ते वजनदार सदस्य माझ्याकडे पाहून म्हणाले, “पाहा वकीलसाहेब, निर्णय योग्यच होता.” मी काही बोललो नाही. पेढा घेतला.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ मध्ये लिहिलेल्या शाश्वत शांततेवरील निबंधात एक कसोटी सांगितली आहे. तिचा आशय असा की दुसऱ्यांच्या हक्काला स्पर्श करणारे जे कृत्य त्यामागचे तत्त्व उघड करताच उभे राहू शकत नाही, ते अन्याय्य होय. आम्हाला त्या बैठकीत ही कसोटी लावावयास फार वेळ लागला नसता. ‘नातवाला खेळवले नाही म्हणून आपणास काढत आहोत’, हे वाक्य त्या पत्रात लिहून पाहिले असते, तर त्याखाली सही करण्यास एकही हात पुढे आला नसता. म्हणून आम्ही वाक्यच बदलले. कारण सांगण्याची सक्ती कोणी केली असती, तर कदाचित निर्णयच बदलावा लागला असता. कारण सांगणे हे निव्वळ सौजन्य नसून निर्णयावरचा पहारा आहे, तो असा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. कित्येकदा कारण न सांगण्यात निरोप घेणाऱ्याचीच अब्रू राखलेली असते. त्याची एखादी चूक, एखादे आजारपण, एखादी कौटुंबिक अडचण चव्हाट्यावर का मांडावी? मान्य. सगळे कारण सगळ्यांना सांगावे असे कोणी म्हणत नाही. पण ज्याला काढले त्याला तरी ते पूर्ण सांगावे, त्याचे म्हणणे ऐकावे. आणि बाहेरच्यांना निदान एवढे सांगावे की कारण आहे, ते त्याला सांगितले आहे, आणि त्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे प्रयोजन नाही. एवढे सांगण्याने कोणाची अब्रू जात नाही. न सांगण्याने मात्र हमखास जाते. जेथे कारण दिले जात नाही, तेथे पोकळी राहत नाही. तेथे वदंता येऊन बसते. पदावरून गेलेल्या मनुष्याजवळ शेवटी उरते ते नावच. मौनाने तेही त्याच्याकडून काढून घेतले जाते.

फेब्रुवारी २०२० मध्ये, मेहुण्याच्या त्या दूरध्वनीनंतर काही दिवसांनी, मी कंपूत मास्टरसाहेबांच्या घरी गेलो. फार थकले होते. मी त्यांना खरे कारण सांगितले आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, “मला तेव्हाच ठाऊक होतं हो. माझ्यासाठी कुठं विचारलं होतं मी?” आणि पुढे काही बोलले नाहीत. चहा झाला, मी उठलो.

त्यांनी ज्यांच्यासाठी विचारले होते ती मुले आता तिशीकडे झुकली आहेत. त्यांतला एक मला न्यायालयात अधूनमधून भेटतो; एका अशिलाच्या कागदपत्रांच्या कामासाठी येतो. एके दिवशी धीर करून मी त्याला ते पत्र मी लिहिले होते हे सांगितले, आणि त्यामागचे कारणही सांगितले. तो बराच वेळ हातातल्या फाइलची दोरी सोडत-बांधत उभा राहिला. मग म्हणाला, “आम्ही तर समजत होतो, मास्टरसाहेबच आम्हाला सोडून गेले. मी त्यानंतर स्टिक हातात धरली नाही.”

मडगावला मी अजून जातो. मेहुणा अजून पूर्वेच्या कठड्यावर बसतो. दरम्यान प्रशिक्षक बदलत राहिले, तो बदललेला नाही. गेल्या खेपेस त्याला म्हणालो, “तू मला त्या रात्री एक प्रश्न विचारला होतास, त्याचे उत्तर द्यायचे राहून गेले.” तो तो प्रश्न विसरूनही गेला होता. मी उत्तर दिले. म्हटले, संघ तुमचा नाही, प्रशिक्षकही तुमचा नाही, निर्णयही तुमचा नाही. पण तुम्ही ते लोक आहात ज्यांना कारण सांगणे लागते.

“इतकंच?” तो म्हणाला.

इतकेच. पण ज्याने ते एकदा बुडवले आहे, त्याला ते फेडता फेडता किती वर्षे लागतात, हे मी त्याला सांगितले नाही. आज येथे सांगत आहे.